पोळपाटावरचा तारबाबू

पन्नाशीनंतर माणसाने एखादा छंद लावून घ्यावा, असं ज्या कुणी पहिल्यांदा सांगितलं त्याचा पत्ता मला हवा आहे. मारहाण करणार नाही. तीस वर्षं सरकारी कचेरीत लिपिक राहिलेल्या माणसाच्या हातून ती होतही नाही. फक्त त्याला एकदा आमच्या गडचिरोलीच्या घरी बोलावून, माझ्या बायकोच्या, सुगंधाच्या समोर खुर्चीवर बसवून, हेच वाक्य पुन्हा म्हणायला लावायचं आहे.

छंद कुठला, तर मोर्सचा. म्हणजे जुनी तारेची भाषा. आखूड आवाज आणि लांब आवाज, एवढ्या दोनच गोष्टींवर जगातलं सगळं बोलता येतं. आखूड म्हणजे कट्ट, लांब म्हणजे कड्ड. सरकारने तार बंद करून दहाबारा वर्षं होऊन गेली, तेव्हा मी ती शिकायला घेतली. मला कुठलीही गोष्ट जरा उशिराच सुचते, हे माझ्या वरिष्ठांनी गोपनीय अहवालात नोंदवलेलंच आहे.

जगभर काही हौशी लोक आपापल्या घरातून बिनतारी यंत्रावर एकमेकांशी बोलतात. आपणही बोलावं असं माझ्या मनाने घेतलं. त्याला परवाना लागतो, आणि वरच्या दर्जाचा परवाना हवा तर मिनिटाला आठ शब्द मोर्समध्ये पाठवता आणि ऐकता यावे लागतात. सुगंधा मिनिटाला दीडशे बोलते आणि तिला परवाना लागत नाही, पण नियम तो नियम. मी हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा आणि दाराच्या बेलचा बझर घेतला, दोन्ही एका जुन्या पोळपाटावर स्क्रूने बसवले, आणि तारयंत्र तयार झालं. पोळपाट जुना नव्हता, रोजचाच होता, हे मला संध्याकाळी पोळ्यांच्या वेळी सांगण्यात आलं.

रोज संध्याकाळी सहा ते सात, रस्त्याकडच्या खोलीत, खिडकी उघडी टाकून माझा सराव चाले. पहिला महिना मी शब्दकोशातले शब्द वाजवले. दुसरा महिना वर्तमानपत्रातले मथळे. तिसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं, की आपण काय वाजवतो ते या जिल्ह्यात एकाही माणसाला कळत नाही. हा शोध लागला आणि माझा हात एकदम सुटला. गेल्या तीस वर्षांत जे जे बोलायचं राहून गेलं होतं ते मी मराठीतच, पण इंग्रजी अक्षरांत, बिनधास्त वाजवायला लागलो. 'आज वांग्याच्या भाजीत मीठ नव्हतं.' कड्ड कट्ट. 'साहेबाला बेरीज येत नाही.' कट्ट कट्ट कड्ड. सुगंधा चहा ठेवून जाताना म्हणायची, "आज लय रंगात आहे तुमचं." मी मान डोलवायचो. संसारात इतका मोकळेपणा मी पूर्वी कधी अनुभवला नव्हता.

मग ऐकण्यासाठी एक जुना रेडिओ आणला आणि त्याला लांब तार हवी म्हणून आमच्या गच्चीपासून शेजारच्या रुखमाबाईंच्या कडुनिंबापर्यंत तांब्याची तार ताणली. ही तार मोहल्ल्याला फार लागली. समोरचे दसरूभाऊ वनखात्यातून वनरक्षक म्हणून निवृत्त झालेले. ते कमरेवर हात ठेवून तारेखाली उभे राहिले.

"गुणवंतराव, याच्यात करंट नका सोडू. रानडुकरापायी लोक अशीच तार लावते अन् मंग वाघ मरते. जन्मभर कोर्टात फिरा लागते."

"दसरूभाऊ, इथी मोहल्ल्यात रानडुक्कर कुठी आहे?"

"म्हून तं विचारून राह्यलो. डुक्कर नाई, तं मंग तार कायच्यापायी?"

रुखमाबाईंचा प्रश्न वेगळाच होता. "एवढी मोठी तार रिकामी काऊन ठेवता जी?" असं म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी तिच्यावर लुगडं वाळत घातलं. ओलं लुगडं पडलं की माझ्या रेडिओवर स्वच्छ तेलुगू ऐकू येई आणि वाळलं की सगळं बंद. मी त्या काळात थोडी तेलुगूही शिकलो.

इथवर सगळं ठीक होतं. परवान्यासाठी मी अर्ज केला आणि त्या अर्जाला एक बारीक अट निघाली, ती म्हणजे अर्जदाराची पोलीस चौकशी. नेमकी त्याच महिन्यात आमच्या घराची दुसरीही एक चौकशी व्हायची होती.

आमची दिव्यानी कृषी सहायक आहे, चामोर्शीला रोज स्कूटीने जाते-येते. मूल गावाला एका मैत्रिणीच्या लग्नात तिची बल्लारपूरच्या कुलदीप भोयरशी ओळख झाली. मुलगा इंजिनिअर, शांत, सरळ. नंतर नऊ महिने ती फोनवर 'ऑफिसचं काम' करत होती आणि मी आपला, पोरगी किती कष्ट करते, असं कौतुकाने सगळ्यांना सांगत होतो. शेवटी तिने आईला सांगितलं आणि आईने मला. दोघं एकमेकांना पसंत, दोन्हीकडची जात-पात, शिक्षण, नोकरी सगळं जुळतं, तरी आमच्याकडे मोहल्ल्यात चौकशी झाल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. मुलाकडचा कुणीतरी एक दिवस न सांगता येतो, पानठेल्यावर थांबतो, आजूबाजूला विचारतो, घरच्यांना न भेटता निघून जातो. त्याने जाऊन जे सांगितलं ते ब्रह्मवाक्य. कुलदीपच्या घरीही तसंच ठरलं होतं, आणि त्यांचा जावई चौकशीला येईल अशी दिव्यानीला कुणकुण होती.

सुगंधा लगेच कामाला लागली. तिने रुखमाबाईंना आणि दसरूभाऊंना बोलावून सांगितलं, "तरना पोरगा येईन, मोटरसायकलवर. गोड बोलन. त्याले आमच्याबद्दल चांगलं सांगा जी."

मीही मागे कसा राहीन. मी सांगितलं, "अन् एक पोलीसवाला बी येईन माह्या परवान्यासाठी. वयस्कर असन, मिशा, हातात वही. त्याच्यासंग जास्त नका बोलू."

"त्याची काळजी नका करू," दसरूभाऊ म्हणाले. "पोलिसासंग काय बोलाचं ते या जिल्ह्यात पोटातल्या लेकराले माहीत आहे."

त्या बुधवारी दोन्ही चौकशा उरकल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. मी दोन्ही वेळी बेसावध. संध्याकाळी तर मी खिडकीपाशी पोळपाटावर होतो आणि त्या दिवशी जे वाजवत होतो ते आता सांगूनच टाकतो. दिव्यानीचं जवळजवळ ठरलंय या विचाराने मला दोन दिवस जेवण जात नव्हतं. घरात मी बोललो तर हसून ऐकणारं माणूस ते एकच. मी वाजवलं, 'मुलगा चांगला आहे. पण दिव्यानी गेल्यावर या घरात माझ्याशी कोण बोलेल? लग्न मोडलं तर मला वाईट वाटणार नाही.' बापाने असं वाजवू नये. पण कळणार कुणाला होतं?

दिवेलागणीला रुखमाबाई आल्या, मागे दसरूभाऊ. दोघांच्या तोंडावर विजय मावत नव्हता.

"आलता जी तुमचा मोटरसायकलवाला," रुखमाबाई म्हणाल्या. "अशी तारीफ केली, का तो लिवूनच घेत होता."

"अन् पोलीसवाल्याले मी असा कटवला," दसरूभाऊ म्हणाले, "का दुसऱ्यांदा या रस्त्यानं नाई येनार."

सुगंधाने दोघांना भजी तळून वाढली. दसरूभाऊंनी तिसऱ्यांदा मागून घेतली आणि आपण पाहिलेल्या वाघाची गोष्ट सांगितली. हा वाघ दरवर्षी फूटभर वाढतो. तो मी ऐकून घेतला, इतका मी खूश होतो.

त्यानंतर बल्लारपूरहून आठ दिवस काहीही कळलं नाही. कुलदीप फोनवर दिव्यानीला एवढंच म्हणाला, की घरी कुणी काही बोलतच नाहीये. नवव्या दिवशी मला पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. समोर तरुण साहेब, बाजूला जीन्स घातलेला त्याहून तरुण शिपाई. अतिशय गोड चेहऱ्याचा. साहेबांनी कागद उचलला.

"तुमचे शेजारी तुमच्यावर फारच खूश दिसतात," ते म्हणाले आणि वाचायला लागले. "'याइची पोहोच लय मोठी आहे, पार परदेशापर्यंत. रोज संध्याकाळी मशीनवर बोलते, पण काय बोलते ते घरच्या बाईले बी सांगत नाई. दारी कोनी बी येवो, केवाही येवो, जेवल्याबिगर जाऊ देत नाई. कोन, कुठचा, विचारत बी नाई. शेती जंगलाले लागून आहे, तिथी एक खोली बांधून ठेवली आहे. मानूस पक्का. पोटातलं ओठावर येऊ देत नाई.'"

लग्नाच्या बोलण्यात या वाक्यांना सोन्याचा भाव आहे. गडचिरोलीच्या पोलीस ठाण्यात त्यांचा काय भाव असतो, हे ज्याने हा जिल्हा पाहिलाय त्याला सांगायला नको. मी साहेबांना मुलीचं लग्न, मोहल्ल्याची चौकशी, धानाच्या शेतातली ती अवजारं ठेवायची खोली, सगळं सांगितलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी मला पोळपाट आणायला लावला, टेबलावर ठेवून वाजवायला सांगितला. मी वाजवलं.

"काय पाठवलं?"

"आपलं स्वागत आहे, साहेब."

"ते खरं कशावरून?"

हा प्रश्न अगदी रास्त होता. त्या ठाण्यात, तालुक्यात, जिल्ह्यात ते खरं की खोटं सांगणारा एकही माणूस नव्हता. साहेब म्हणाले, हे समजणारा एखादा जबाबदार माणूस लेखी देत असेल तर बघू, तोवर अर्ज इथेच राहील. मी पोळपाट काखेत मारून बाहेर पडलो. भर बाजारातून काखेत पोळपाट घेऊन चाललेल्या माणसाला लोक जे विचारतात ते सगळं मला विचारण्यात आलं.

अर्ध्या वाटेवर माझे पाय थांबले. जीन्सवाला गोड पोरगा जर पोलीस होता, तर संध्याकाळचा तो मिशांचा, वहीवाला कोण होता?

मी थेट रुखमाबाईंचं अंगण गाठलं. "बाई, त्या म्हाताऱ्या पोलिसाले तुमी काय सांगतलं?"

"काईच नाई. मले काई माहीत नाई, म्हटलं."

"काईच नाई विचारलं त्यानं?"

"पोरीचं विचारलं ना. पोरगी कशी आहे म्हने. म्या म्हटलं, याइले पोरगी आहे काय? मले तं कधी दिसली नाई बाप्पा."

दसरूभाऊ कुंपणाशी येऊन उभे होते. त्यांनी आपलंही सांगून टाकलं. "मी म्हटलं, कोन गुणवंतराव? तो तारवाला काय? त्याच्यासंग आमी संबंध नाई ठेवत. तो कवा येते, कवा जाते, काय धंदा करते, कोनाले पत्ता नाई." आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, "काऊन जी, काई चुकलं काय?"

घरी हे सांगावंच लागलं. सुगंधा इतकी चिडली की गप्प बसली, आणि ती गप्प बसल्याचं मला भय वाटतं. दिव्यानी रागावलीसुद्धा नाही. ती म्हणाली, "बाबा, अर्ज कराले माह्यासाठी एवढे दिवस थांबले असते तुमी, तं काय झालं असतं?" आणि आत निघून गेली. तिने दार लावलं तेही हळूच लावलं. मला हवं होतं ते झालं होतं. लग्न मोडल्यातच जमा होतं, पोरगी घरातच राहणार होती, आणि मला इतकं वाईट वाटत होतं की त्या पोळपाटाकडे बघवेना. मी तो कपाटाच्या वर, जुन्या सुटकेसच्या मागे टाकला. पुढचे दोन दिवस मी कशावर काही वाजवलं नाही.

रविवारी सकाळी दहा वाजता दारात गाडी थांबली. आधी कुलदीप उतरला, मग त्याची आई, आणि शेवटी ताठ कण्याचे, पांढऱ्या मिशांचे, खाकी पँटीतले एक सत्तरीचे गृहस्थ. हातात वही. रुखमाबाई अंगणात लुगडं वाळत घालत होत्या. आपण पोलीस समजलो तो हाच, हे ओळखून त्या लुगडं तसंच टाकून घरात पळाल्या.

हे कुलदीपचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, सोमाजी भोयर. घरात त्यांचा शब्द शेवटचा. जावई धान कापणीत अडकला म्हणून चौकशीला तेच आले होते. पाहुणे बसले. दिव्यानी चहाचा ट्रे घेऊन आली. दसरूभाऊ झालं-गेलं सावरायला म्हणून आले आणि दाराच्या चौकटीतच उभे राहिले. सोमाजींनी वही उघडली, चष्मा चढवला.

"मी चौकशी केली," ते म्हणाले. "तुमाले या मोहल्ल्यात कोनी ओळखत नाई. तुमच्यासंग कोनी संबंध ठेवत नाई. तुमाले पोरगी आहे हे बी कोनाले माहीत नाई."

दसरूभाऊ छताकडे बघायला लागले.

"मी परत चाललो होतो. तं खिडकीतून आवाज आला." त्यांनी वहीवरून माझ्याकडे पाहिलं. "आमच्या बल्लारपूरच्या बल्लारशा स्टेशनात मी छत्तीस वर्षं तारबाबू होतो, गुणवंतराव. रिटायर झाल्यापासून कानावर कट्ट पडलं नव्हतं. त्या निंबाच्या झाडाखाली मी एक घंटा उभा राह्यलो. हात लय कच्चा आहे तुमचा. अक्षर अर्धं खाता."

सोमाजींनी बोटाला थुंकी लावून पान उलटलं. तारबाबूची सवय, ऐकलं की वेळेसकट लिहून घ्यायचं.

"सहा वाजून पाच. 'आज पुन्हा भाजीत मीठ कमी. बोलायची सोय नाही.'"

सुगंधाने माझ्याकडे पाहिलं. तिची ती नजर मी इथे वर्णन करणार नाही.

"सहा वाजून चौदा. 'दसरूभाऊचा वाघ यंदा बारा फुटांचा झाला. पुढल्या वर्षी मोहल्ल्यात मावणार नाही.'"

चौकटीतून कुणीतरी निघून गेल्याचा आवाज आला.

"सहा वाजून सव्वीस. 'सुगंधा नसती तर मी या नोकरीत टिकलो नसतो. तिला सांगितलं तर डोक्यावर बसेल.'" सोमाजींनी चष्मा काढला. "शेजारी खोटं बोलू शकते. पन ज्याले वाटते का आपलं कोनी ऐकून नाई राह्यलं, तो मानूस खोटं काऊन बोलन? एवढी चांगली चौकशी मी आजपर्यंत केली नाई. आठ दिवस मले या वहीतलं वाचून हसू आवरत नव्हतं, म्हून घरी बोललो नाई. पोरगी तं कुलदीपनं पाहूनच ठेवली दिसते. घर आमाले पसंत आहे."

दिव्यानीने ट्रे खाली ठेवला आणि ती पहिल्यांदा हसली. कुलदीपच्या आईने तिला जवळ बसवून घेतलं. सुगंधा पदर डोळ्याला लावत होती, रागाने की आनंदाने ते तिचं तिलाही कळत नसावं. तिने ठाण्यातली गोष्ट सांगितली, तसे सोमाजी म्हणाले, त्या पोलीस साहेबाले मी उद्या लेखी देतो. सगळीकडे एकदम बोलणी सुरू झाली.

मी मात्र त्या वहीकडे बघत होतो. त्यांनी अजून एक पान उलटलं होतं. सहा एक्केचाळीसचं पान. 'लग्न मोडलं तर मला वाईट वाटणार नाही.' ते मी त्याच संध्याकाळी, त्याच खिडकीत वाजवलं होतं आणि ते निंबाखालीच उभे होते. ते वाक्य आता या खोलीत वाचलं गेलं असतं, तर दिव्यानी पुन्हा माझ्याकडे कधी पूर्वीसारखं बघू शकली असती का, मला माहीत नाही.

सोमाजींनी ते पान वाचलं. मनातच. मग वही मिटली, खिशात ठेवली, चमचा उचलला आणि सहज चाळा केल्यासारखा बशीवर वाजवायला लागले. जुना हात. मिनिटाला पंचवीस शब्दांचा. मला काही पकडता आलं नाही. मी माझ्या बशीवर एवढंच वाजवलं, 'पुन्हा'. त्यांनी पुन्हा वाजवलं, लहान मुलाला घास भरवावा तसं हळू. तारबाबूच ते, एकही शब्द वाया घालवला नाही.

'पोरगी तुमचीच. बल्लारपूरची बस दर तासाला. रडू नये.'

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, रुखमाबाईंचं लुगडं होतं.

"बाबा," दिव्यानीने विचारलं, "काय म्हनाले ते?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "काई नाई," मी म्हणालो. "चहात साखर कमी आहे म्हने."

"मंग तोंडानं सांगाचं ना," म्हणून सुगंधा साखरेचा डबा घेऊन आली आणि तिने दोन मोठे चमचे त्यांच्या कपात ओतले. कुलदीपची आई काहीतरी बोलायला गेली, पण सोमाजींनी हाताने तिला थांबवलं आणि माझ्याकडे बघत तो कप शेवटच्या घोटापर्यंत रिकामा केला. डॉक्टरांनी त्यांची साखर सहा वर्षांपासून बंद केली आहे, हे मला साक्षगंधाच्या दिवशी कळलं.